घरी केलेल्या चायनीज, जपानी, कोरियन सगळ्याला एकच चव का येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी फ्राइड राइस केला, जपानी पद्धतीचं सूप केलं, व्हिडिओ बघून कोरियन टोफू केला, पण तिन्ही एकाच गाडीवरून आणल्यासारखे लागले. भाज्यांना पाणी सुटतं, भाताचा गोळा होतो. घरात अंडं चालतं, मासे-मटण चालत नाही. पुढच्या महिन्यात आठ जण जेवायला यायचे आहेत, तेव्हा काय करावं?

तुमच्या फ्रिजच्या दारातल्या बाटल्यांची यादी तुम्ही दिलीत ते बरं केलंत. डार्क सोया, रेड चिली, ग्रीन चिली, पांढरं व्हिनेगर, शेजवान चटणी. अर्धं उत्तर त्या यादीतच आहे. ही सगळी गाडीवरच्या चायनीजची शिदोरी. त्यातून जपानी सूप करा की कोरियन टोफू, चव गाडीचीच येणार. गाडीला मी नावं ठेवत नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मांच्युरियन केलं, असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची इथली, वर सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. तो एक स्वतंत्र आणि चांगला पदार्थ आहे. फक्त चेंगडू, क्योटो किंवा सोलमधल्या घरात रोज संध्याकाळी जे शिजतं त्याच्याशी त्याचा संबंध कमी.

हा स्वयंपाक शिकवताना मी पहिली अट घालते: एका वेळी एकच देश. दोन-तीन महिने फक्त चिनी घरगुती पदार्थ करा, हात बसला की जपानी घ्या. तिन्हीकडे सोयाबीन आंबवतात, तिन्हीकडे भात खातात, म्हणून आपल्याला ते एकसारखं वाटतं. प्रत्यक्षात चिनी घरात चव तापलेल्या तेलात तयार होते, जपानी घरात पाण्यात, आणि कोरियन घरात पुष्कळशी चव महिनोन् महिने बरणीत आधीच होऊन बसलेली असते. हे एवढं डोक्यात ठेवलंत तरी कुठला पदार्थ कुठे फसतोय ते तुमचं तुम्हालाच कळायला लागेल.

आता बाटल्या. डार्क सोया मागे सरकवा. चिनी स्वयंपाकात तो रंगासाठी असतो. दाट, किंचित गोडसर, चार जणांच्या भाजीत चहाचा अर्धा चमचा पुरतो. चवीसाठी, म्हणजे मिठाच्या जागी, लाइट सोया वापरतात. इथे ‘लाइट’ म्हणजे कमी मिठाचा असं समजू नका. तो पातळ असतो, फिका असतो आणि चांगला खारट असतो. एक टेबलस्पून लाइट सोयामध्ये साधारण अडीच ग्रॅम मीठ जातं, म्हणजे चहाच्या चमच्याला अर्ध्याहून थोडं कमी. बहुतेकांचं फसतं ते इथेच. रंग यावा म्हणून सोया ओतत जातात, मग खारट झालं म्हणून साखर, मग गोड झालं म्हणून व्हिनेगर. बाटली घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढंच असेल तर ती आंबवून केलेली आहे, घ्या. सुरुवातीलाच ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ आणि कॅरॅमल रंग दिसला, तर ते आम्लाने प्रथिनं फोडून झटपट केलेलं पाणी आहे. आंबवलेल्या सोयाला महिने लागतात आणि तो वास उसना आणता येत नाही. जपानी कोइकुची सोया, म्हणजे तिथला रोजच्या वापरातला गडद सोया, चिनी पदार्थात चालतो, थोडा गोडसर लागतो इतकंच. घरी एकच बाटली ठेवायची असेल तर मी ती ठेवेन.

व्हिनेगरचंही तेच. पांढऱ्या बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असतं. ते अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड पाण्यात मिसळून केलेलं असतं, नाकात जातं आणि मागे काही ठेवत नाही. तांदळाचं व्हिनेगर घ्या. चिनी काळं व्हिनेगर मिळालं तर उत्तम. च्यांगसू प्रांतातलं च्यनच्यांगचं काळं व्हिनेगर चिकट तांदळापासून करतात. त्याला आंबटपणाबरोबर एक दमदार, धुरकट गोडी असते. ओळखीचं कोणी गोव्याहून येणार असेल तर माडाच्या ताडीचं व्हिनेगर मागवून ठेवा. चव वेगळी आहे, पण आंबवलेलं असल्यामुळे डंपलिंगच्या चटणीत किंवा काकडीवर छान बसतं.

तिळाच्या तेलाबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण आपल्याकडे तिळाचं तेल म्हटलं की फिकं, घाणीवरचं तेल पुढे येतं. चिनी-कोरियन पाककृतीतलं तेल खरपूस भाजलेल्या तिळाचं असतं, रंगाने गडद तपकिरी. ते सुगंधासाठी गॅस बंद केल्यावर घालतात, तेही थेंबांच्या हिशेबाने. त्यात भाजी परतली तर सुगंध जळून जातो. मिळालंच नाही तर तीळ चांगले लालसर भाजून कुटून वर टाका. आपलं साधं तिळाचं तेल त्याच्या जागी घालून काहीच साधत नाही.

शाओशिंग वाइनचा प्रश्न नेहमी येतो. चच्यांग प्रांतातल्या शाओशिंग गावची ही तांदळाची वाइन मुख्यतः मांसाचा उग्र वास मारायला वापरतात. तुमच्या घरात मांस नाही, तेव्हा सोडून द्या. मांसाहार करणाऱ्यांनी कोरडी शेरी वापरावी. फेणी वापरू का, असंही लोक विचारतात. नका वापरू. फेणीचा वास सगळ्या पदार्थाला खाऊन टाकतो.

आता पाणी सुटण्याचं. चिनी हॉटेलातल्या शेगडीची आच घरच्या बर्नरच्या कैक पट असते. तिथला आचारी भाजी टाकतो तेव्हा सुटणारं पाणी तिथल्या तिथे उडून जातं. आपल्या गॅसवर चार जणांची भाजी एकदम टाकली की कढई गार पडते, भाजी परतायची सोडून स्वतःच्या पाण्यात उकडते. आच वाढवणं आपल्या हातात नाही, भाजी कमी करणं आहे. एका वेळी अडीचशे ग्रॅमच्या वर काही टाकू नका. चार जणांचं करायचं तर दोन वेळा करा, दोन मिनिटांचं तर काम आहे. पातळ लोखंडी कढई किंवा पोलादी वोक घ्या आणि हलका धूर दिसेपर्यंत तापवून मगच तेल घाला. नॉनस्टिक भांडं असं तापवायचं नसतं, त्याचा लेप जास्त उष्णतेत खराब होतो. बिडाची कढई उष्णता धरून ठेवते, फक्त तापायला वेळ घेते. आणि भाज्या धुऊन लगेच टाकू नका. चाळणीत निथळा, फडक्यावर पसरा. या एका सवयीने निम्मा फरक पडतो.

हे सगळं शिकायला मी फ्राइड राइस देत नाही, बटाटा देते. ‘थूतोउस’ म्हणजे बटाट्याच्या काड्यांची आंबट-तिखट भाजी. उत्तर चीनपासून सिचुआनपर्यंत घराघरांत होते, हॉटेलात सगळ्यात स्वस्त भाज्यांमध्ये असते, आणि तिच्यासाठी घरातलं जवळजवळ सगळं सामान पुरतं. साडेतीनशे ग्रॅम बटाटे सोलून आधी दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा, मग त्या एकावर एक घसरत्या मांडून तितक्याच जाडीच्या काड्या चिरा. किसणीवर किसू नका, कडा फाटून लगदा होतो. काड्या पाण्यात चोळून धुवा. पाणी दुधासारखं पांढरं होईल, ते टाका, पुन्हा धुवा, पाणी नितळ दिसेपर्यंत. तो पांढरेपणा म्हणजे पिठूळ स्टार्च. तो राहिला तर कढईत खळ होते आणि सगळं एकमेकांना आणि भांड्याला चिकटतं. शेवटच्या पाण्यात एक चमचा व्हिनेगर टाकून दहा मिनिटं ठेवा, मग निथळून फडक्यात कोरडं करा. आंबटामुळे बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही, म्हणून काडी शिजूनही कुरकुरीत राहते.

कढई तापवा, दोन टेबलस्पून तेल, त्यात तीन-चार सुक्या मिरच्यांचे तुकडे आणि लसणाच्या चकत्या. लसूण लाल होण्याआधी निम्मे बटाटे टाका आणि मोठ्या आचेवर सतत हलवा. दीड-दोन मिनिटांत काड्या अर्धपारदर्शक दिसायला लागतात. एक टेबलस्पून व्हिनेगर कढईच्या कडेने सोडा. तापलेल्या लोखंडाला लागून त्याचा तिखटपणा उडतो आणि वास राहतो. मीठ, चिमूटभर साखर, हवी तर सिमला मिरचीच्या काड्या. अर्धं मिनिट आणि बंद. उरलेल्या बटाट्यांचं पुन्हा तसंच. ताटात वाढल्यावर घरातलं कोणीतरी नक्की म्हणेल की बटाटा कच्चा राहिलाय. चव बघू द्या. या भाजीत बटाटा सलगमासारखा कुरकुरीतच हवा. ही भाजी दोन-चारदा नीट जमली की सुरी, आच, कोरडेपणा आणि आंबट घालायची वेळ, चारही गोष्टी हातात येतात. मग फ्राइड राइस सोपा आहे.

तसंच टोमॅटो-अंडं. चीनमध्ये मुलं बहुधा पहिला पदार्थ म्हणून हाच शिकतात. चार अंडी मीठ घालून फेटा, भरपूर तेलात अर्धवट शिजवून काढून ठेवा. त्याच कढईत तीन पिकलेले टोमॅटो रस सुटेपर्यंत परता, मीठ आणि एक चमचा साखर घाला, अंडी परत टाकून दहा सेकंदांत उतरवा. पातीचा कांदा वर. यात सोया सॉसही नाही. भातावर घेऊन खा. हळद आणि जिरं घालायचा मोह होईल, तो आवरा.

फ्राइड राइसबद्दल दोन-तीन गोष्टीच. बासमतीपेक्षा कोलम चांगला. आदल्या दिवशीचा थंड भात घ्या. ताजा करायचा झाला तर थोडं कमी पाणी घालून शिजवा आणि परातीत पंख्याखाली पसरा. बाहेरची वाफ उडणं महत्त्वाचं, शिळेपणा नव्हे. एका वेळी एकाच माणसाचा भात परता. चव मिठाने आणा, सोया शेवटी अर्धा चमचा कडेने. काळपट फ्राइड राइस गाडीवर बघतो तो. चीनमधल्या यांगचौ शहराच्या नावाने जो फ्राइड राइस ओळखला जातो तो पांढरा-पिवळा असतो आणि प्रत्येक शीत वेगळं दिसतं.

तुमचं जपानी सूप गाडीसारखं का लागलं याचं उत्तर वेगळं आहे: त्यात दाशी नव्हतं. साध्या पाण्यात सोया आणि भाज्या उकळून ते होत नाही. दाशी हा जपानी स्वयंपाकाचा पाया, म्हणजे कोंबू या समुद्री वनस्पतीचं आणि कात्सुओबुशीचं, म्हणजे वाळवून-धुरावून केलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं पाणी. मासा तुम्हाला चालत नाही, पण अडचण नाही. जपानमधल्या बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी नावाची निरामिष परंपरा शतकानुशतकं चालत आली आहे आणि तिथे कोंबूबरोबर सुकी शिताके अळंबी वापरतात. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोंबू आणि चार-पाच सुकी शिताके टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. कोंबूवरची पांढरी पूड धुऊ नका, चव तिच्यातही आहे. सकाळी मंद आचेवर ठेवून उकळी फुटायच्या आत कोंबू काढा, नाहीतर पाणी बुळबुळीत आणि कडसर होतं. अळंबी पिळून घ्या, देठ टाका, टोप्या भाजीला वापरा. शिताके गरम पाण्यात घाईने भिजवू नका. थंड पाण्यात सावकाश भिजवली तर चव दुणावते.

दुणावते हे मी उगाच म्हणत नाही. १९०८ मध्ये तोक्योतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीत इनोसिनेट सापडलं, आणि पुढे १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी शिताकेतलं ग्वानिलेट ओळखलं. ग्लुटामेटबरोबर या दोघांपैकी एक आलं की चव नुसत्या बेरजेच्या कितीतरी पुढे जाते. म्हणून नुसता कोंबू फिका वाटतो, नुसती शिताके उग्र वाटते, आणि दोन्ही मिळून पाण्याचं सूप होतं.

ओघाने अजिनोमोटोचंही सांगून टाकते, कारण खालोखाल तोच प्रश्न येणार. इकेदांनी शोधलेलंच ते मीठ, १९०९ पासून त्या नावाने विकलं गेलं. त्याची बदनामी सुरू झाली १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रातून. त्यानंतरच्या काटेकोर चाचण्यांत, जिथे खाणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही कशात काय आहे ते माहीत नव्हतं, तो त्रास सातत्याने सिद्ध झाला नाही. त्यात सोडियम साध्या मिठाच्या एक तृतीयांश असतं. मी चिनी भाज्यांत चिमूटभर वापरते. तुम्हाला नको असेल तर शिताकेचं पाणी वापरा, चव त्याच घराण्यातली आहे. पण अजिनोमोटोला नाक मुरडून रेडी सूपची पाकिटं आणणाऱ्यांनी पाकिटाची मागची बाजू एकदा वाचावी.

मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारट जपानी पेस्ट. मिसो सूप मग पाच मिनिटांचं काम. वाटीभर दाशीला साधारण एक टेबलस्पून मिसो. टोफूचे लहान तुकडे आणि पातीचा कांदा दाशीत गरम करा, गॅस बंद करा, मग मिसो पळीत थोड्या दाशीत कालवून मिसळा. मिसो घातल्यावर उकळलं की त्याचा वास जातो. पांढरा मिसो गोडसर आणि कमी खारट, तांबडा जास्त खारट, तेव्हा माप चव बघून ठरवा. तयार मिसो सूपच्या पाकिटांत बहुधा माशाचं दाशी असतं. तसाच ऑइस्टर सॉस कालवांचा असतो आणि बाजारातल्या किमचीत बहुतेक वेळा मासळी किंवा जवळा असतो. तुमच्या घरात हे बघून घ्यायला हवं. ऑइस्टर सॉसच्या जागी अळंबीचा शाकाहारी सॉस मिळतो आणि तो चांगला असतो.

शेजवान चटणीकडे येऊ. सिचुआन प्रांताच्या नावाने आपल्याकडे जे विकतात त्यात मिरची आणि लसूण असतो. तिथल्या स्वयंपाकाच्या दोन खुणा त्यात सहसा नसतात. एक तौपानच्यांग, म्हणजे मिरची आणि बाकला-शेंगांचे दाणे एकत्र आंबवून केलेली लाल-तपकिरी पेस्ट. चेंगडूजवळच्या पीशिएनची सगळ्यात नावाजलेली. दुसरी ह्वाच्याओ, ज्याला सिचुआन मिरी म्हणतात, पण मिरीशी तिचं नातं नाही. तिचं नातं आहे आपल्या तिरफळांशी. कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत जी तिरफळं ठेचून टाकतात ती आणि ह्वाच्याओ, दोन्ही झँथोझायलम याच वंशातली झाडं. दोन्हीत आतलं काळं बी टाकून देतात आणि साल वापरतात. दोन्ही जिभेला झिणझिण्या आणतात, कारण दोन्हींत सान्शूल प्रकारची द्रव्यं असतात. म्हणून ह्वाच्याओ मिळाली नाही तर मी तिरफळाची साल किंचित भाजून कुटून वापरते. वास थोडा रानटी येतो, बधिरपणा कमी येतो, तरी शेजवान चटणीपेक्षा कितीतरी जवळ जाता येतं. तौपानच्यांगला मात्र पर्याय नाही. ती नसेल त्या दिवशी मापो टोफू करू नका, टोमॅटो-अंडं करा.

मापो टोफू हा एकोणिसाव्या शतकातला चेंगडूचा पदार्थ, चन आडनावाच्या एका खानावळवालीच्या नावावर सांगितला जातो. मूळचा गोमांसाचा, पण अळंबीवर उत्तम होतो. चारशे ग्रॅम मऊ टोफूचे चौकोनी तुकडे मिठाच्या गरम, न उकळणाऱ्या पाण्यात ठेवा. त्याने तुकडे घट्ट होतात आणि कच्च्या सोयाचा वास जातो. भिजवलेल्या शिताके बारीक चिरून तीन टेबलस्पून तेलात खमंग परतून घ्या. आच मंद करा, दोन टेबलस्पून तौपानच्यांग टाका आणि तेल लालभडक होईपर्यंत परता. इथे घाई नको. आपण मसाल्याला तेल सुटेपर्यंत थांबतो तसंच थांबायचं. मग आलं-लसूण, मग कपभर शिताकेचं पाणी, मग निथळलेला टोफू. उलथनं घालून ढवळलंत तर भुर्जी होईल, पळीच्या पाठीने पुढे ढकला. चार-पाच मिनिटांनी एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर तीन टेबलस्पून पाण्यात कालवून तीन वेळा थोडं थोडं घाला, दर वेळी अर्धं मिनिट उकळू द्या. एकदम घातलं तर टोफू अजून पाणी सोडतो आणि रस्सा पातळ पडतो. मीठ चाखल्याशिवाय घालू नका, पेस्ट खारट असते. वरून भाजलेल्या ह्वाच्याओची पूड, चहाचा एक चमचा. आणि टोफूच्या जागी पनीर नको. पनीरची दुधाळ चव आणि ही पेस्ट एकमेकांशी भांडतात, शिवाय पनीर मऊ टोफूसारखं थरथरत नाही.

कोरियनसाठी दोन डबे लागतात. कोचुजांग, म्हणजे मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन यांची गोड-तिखट लगदी, आणि कोचुकारू, म्हणजे तिथली जाडसर मिरची. कोचुकारू लालभडक असते पण फार तिखट नसते, आणि तिथेच आपली बेडगी उपयोगी पडते. बेडगीच्या बिया झटकून ती न भाजता जाडसर कुटा. गुंटूर किंवा संकेश्वरी टाकलीत तर दोन घासांत पाणी मागाल. कोचुजांगला उसना पर्याय म्हणजे तांबडा मिसो, बेडगीची पूड आणि थोडा गूळ. परतलेल्या टोफूला पुरतो.

किमची घरी करणं सोपं आहे आणि शाकाहारी घरात तर घरचीच करावी. लांबट चायनीज कोबी एक किलो, मोठे तुकडे, पन्नास ग्रॅम खडे मीठ लावून दोन तास, मधेमधे वरखाली करा. जाड देठ न मोडता वाकला की झालं. दोन-तीनदा धुऊन चाळणीत अर्धा तास निथळा. अर्धा कप पाण्यात एक टेबलस्पून तांदळाचं पीठ शिजवून पेज करा, गार झाल्यावर तीत चाळीस ग्रॅम मिरची, आलं, भरपूर लसूण, दोन टेबलस्पून सोया आणि असेल तर थोडं कोंबूचं पाणी. कोबीला, मुळ्याच्या काड्यांना आणि पातीच्या कांद्याला चोळून बरणीत दाबून भरा, वर चार बोटं जागा सोडा. उन्हाळ्यात एक दिवस बाहेर पुरतो, थंडीत दोन-तीन. बुडबुडे दिसले आणि आंबूस वास आला की फ्रिजमध्ये. रोज झाकण एकदा सैल करा, नाहीतर बरणी फसफसून फ्रिज रंगवेल. तेल वर ओतू नका, हे लोणचं तेलातलं नाही.

भातासाठी महागडा जपानी तांदूळ रोज आणायची गरज नाही. आंबेमोहोराच्या संकरातून आलेला मावळचा इंद्रायणी शिजल्यावर मऊ आणि चिकटसर होतो, चॉपस्टिकने उचलता येतो, ओनिगिरीचा, म्हणजे हाताने वळलेल्या जपानी भाताचा, गोळाही बांधता येतो. त्याला स्वतःचा वास आहे, जपानी तांदळाला तो नसतो, एवढा फरक मान्य करावा लागतो. पाणी नितळ येईपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा, निथळून वाटीला सव्वा वाटी पाणी घाला, झाकण न उघडता शिजवा आणि उतरवल्यावर दहा मिनिटं तसाच राहू द्या. कुकरच्या तीन शिट्ट्यांनी त्याची खीर होते. नवा तांदूळ असेल तर पाणी आणखी कमी.

आता आठ जणांचं जेवण. परतायचे पदार्थ जास्त ठेवू नका, तुम्ही गॅसपाशी अडकून पडाल आणि पाहुणे गार भाजी खातील. माझा बेत असा असेल: किमची आधीच्या आठवड्यात. आदल्या रात्री दाशी भिजत. त्या दिवशी सकाळी काकडीचं काम, म्हणजे काकडी सुरीच्या पात्याने दणका देऊन फोडायची, तुकडे करून मीठ लावून अर्धा तास निथळायची, आणि फ्रिजमध्ये ठेवायची. लसूण, व्हिनेगर, थोडी साखर आणि भाजलेल्या तिळाचं तेल वाढायच्या आधी पाच मिनिटं. मापो टोफू दुप्पट मापाने पाहुणे यायच्या आधी कॉर्नफ्लोअरपर्यंत आणून ठेवा. तो थांबतो, उलट मुरतो. भात मोठ्या पातेल्यात, झाकणाखाली अर्धा तास गरम राहतो. बटाट्याच्या काड्या धुऊन, कोरड्या करून फडक्यात तयार, दोन पानं मांडली की एक घाणा, असे चार घाणे. मिसो सूप आणि किमची एकाच ताटात आणायची इच्छा होईल. ‘एका वेळी एकच देश’ म्हणणारी मी, पण पाहुण्यांसाठी माफ आहे. फक्त सूप आधी वाढा, मापो टोफूच्या झिणझिण्यांनंतर मिसोची चव कोणालाच कळत नाही.

शेजवान चटणीची बाटली टाकू नका. वडापावात छान लागते.